मासा मरण्याआधी पान सांगते



या सदरातून आम्ही आजवर शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरावेत, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब कसा तपासावा, असे विषय मांडत आलो. आज घरातल्या फिशटँकमधील जिवंत रोपांविषयी लिहिणार आहोत. काही वाचक म्हणतील, महागाईत महिन्याचा मेळ घालताना नाकी नऊ येतात, तिथे हे श्रीमंतांचे चोचले कशाला? आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. पण आज आपल्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीतही टीव्हीशेजारी काचेची पेटी दिसते. कुठे ती पोरांच्या हट्टापायी आली आहे, तर कुठे वास्तुशास्त्राच्या नावाखाली. हे दुसरे कारण आमच्या कानावर आले, तेव्हाच या विषयावर लिहायचे आम्ही ठरवले.

संकट कुठले होते?

आमचे एक स्नेही महापालिकेत सफाई कामगार आहेत. त्यांची मुलगी नववीत शिकते. सहामाही परीक्षेत विज्ञानाला चांगले गुण पडले म्हणून तिने बापाकडे फिशटँक मागितला. दिवाळीच्या बोनसमधून बापाने दोन फुटी पेटी आणली. पेटी घरात आली तसा शेजारून सल्लाही आला. पेटी ईशान्य कोपऱ्यात ठेवा, मासे नऊच सोडा, आठ सोनेरी आणि एक काळा. वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे, तसं केलं तर आपलं काय जातंय?" आणि तसेच केले. ईशान्य कोपरा नेमका खिडकीखाली येत होता.

तीन आठवड्यांत रोपांची पाने आधी पारदर्शक झाली, मग काळी पडली. काचेवर हिरवा थर चढला. पाण्याला वास येऊ लागला. नऊपैकी सहा मासे मेले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बरं झालं बाई! घरावरचं संकट माशांनी आपल्या अंगावर घेतलं."

पुढच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर ती मुलगी आमच्याजवळ आली आणि तिने विचारले, "काका, संकट कुठलं होतं?"

आम्ही निरुत्तर झालो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सहा जीव मेले आणि आपण त्याला शुभ म्हणालो. यात वाईट काय झाले, तर शोध थांबला. संकट टळले असे म्हटले की कारण विचारायची गरज उरत नाही. उरलेले तीन मासे मग त्याच पाण्यात मरायला मोकळे!

वही उघडली

आम्हाला फिशटँकमधले काही कळत नव्हते. वाचनालयातून दोन पुस्तके आणली. मत्स्यपालन शिकलेला एक तरुण कार्यकर्ता होता, त्याला बरोबर घेतले. मुलीला म्हटले, वही काढ. पेटीत काय काय घातले, कधी घातले, दिवा किती तास लावला, पाणी कधी बदलले, सगळे लिही. आम्ही कारकुनी पेशाची माणसे. जमा आणि खर्च समोरासमोर मांडल्याशिवाय आम्हाला चूक सापडत नाही.

वहीत चुका आपोआप दिसू लागल्या. पेटीत ४५ लिटर पाणी आणि नऊ गोल्डफिश. हा मासा वीतभर वाढतो, भरपूर घाण करतो आणि रोपे उपटून कुरतडतो. दिवा सकाळपासून रात्री झोपेपर्यंत, म्हणजे १४ तास. वर खिडकीतले ऊन. तळाला शोभेची पांढरी संगमरवरी खडी. दर रविवारी सगळे पाणी ओतून पेटी साबणाने लख्ख धुवायची आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे लगेच आत सोडायचे. आणि शेवटची नोंद तर डोळे उघडणारी होती. दुकानदाराने दिलेल्या पाच रोपांपैकी तीन पाण्यातली नव्हतीच! कुंडीत लावायची शोभेची रोपे त्याने बुडवून विकली होती. ती कुजायलाच आली होती.

पान बुडबुडा सोडते

रोपांचे एवढे काय महत्त्व, असे कुणी विचारील. १७७९ साली यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हिरवे पान पाण्यात बुडवून उन्हात ठेवले की त्यावर बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत, हे त्याने दाखवून दिले. तो बुडबुडा प्राणवायूचा होता. पुढे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ साली काचेच्या पात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाचे पाणरोप ठेवले. मासा सोडतो तो कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या विष्ठेतून मिळणारे खत रोप घेते. रोप प्राणवायू देते. हिशेब जुळला असे त्याला वाटले. पण रोपाची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५० साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या फिशटँकचा पाया या प्रयोगात आहे.

हे ऐकून आमचे स्नेही हसले. वहिनी रोज त्या गोगलगाई घाण म्हणून वेचून टाकत होत्या. ते म्हणाले, "म्हणजे पेटीतला सफाई कामगारच आपण कामावरून काढला म्हणायचा!" ज्याच्या श्रमावर सगळ्यांचे जगणे चालते, त्यालाच घाण समजून बाहेर काढायचे, हा रिवाज आपल्या वाचकांना नवा नाही. गोगलगाई फार वाढल्या तर समजावे की आपण खाद्य जास्त टाकतो आहोत. त्या कमी करण्यासाठी मोरचूद मात्र कधीही टाकू नये. त्यातले तांबे गोगलगाईंबरोबर माशांनाही मारते.

रोप कोणते आणि कसे लावावे?

नवख्याने आपल्या पाण्यात सहज जगणारी रोपे घ्यावीत. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेराटोफायलम ही आपल्याकडच्या तळ्यांतही वाढणारी रोपे आहेत. ती भराभर वाढतात आणि पाण्यातली घाण शोषून घेतात. ओलसर जागी वाढणारी जलब्राह्मी पाण्याखालीही जगते. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांत सापडतात. कमी उजेडात टिकणारी म्हणून जावा फर्न आणि अनुबियास चांगली. या दोघांचा जाड आडवा कंद मात्र वाळूत पुरू नये. पुरला की तो कुजतो. दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला साध्या दोऱ्याने बांधावा.

नवीन रोप लावल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पाने गळू शकतात. घाबरू नये. पुष्कळ रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. ती जुनी पाने टाकून पाण्यातली नवी पाने काढतात. क्रिप्टोकोरीन तर जागा बदलली तरी सगळी पाने टाकते आणि मुळातून पुन्हा फुटते. कुजलेले पान तेवढे कापावे, रोप उपटू नये.

तळाला दोन-तीन मिलिमीटरची धुतलेली नदीची वाळू घालावी. वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर तिच्यात चुना आहे. तो पाण्याचा जडपणा वाढवतो. संगमरवरी खडी आणि शिंपले याच कारणाने नकोत. ज्यांना खताचा खर्च टाळायचा आहे, त्यांनी वाळूखाली इंचभर साधी माती घालावी आणि वर इंचभर वाळूचा थर द्यावा. अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड या बाईंनी ही पद्धत १९९९ साली पुस्तक लिहून लोकप्रिय केली. मातीत शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेले नसावे.

आणखी एक गोष्ट. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी काठोकाठ भरली की नुसते पाणीच ५६ किलोचे होते. काच आणि वाळू वेगळी. अशी पेटी भिंतीतल्या फळीवर ठेवू नये. लोखंडी स्टँड घ्यावा. दिशा कोणतीही चालेल, फक्त थेट ऊन पडता कामा नये.

उजेडाचा जमाखर्च

बहुतेक घरांत रोपे उजेडाच्या कमतरतेने मरत नाहीत, बेशिस्तीने मरतात. पाहुणे आले की दिवा चालू, निजताना आठवण राहिली तर बंद. रोज ठरलेल्या वेळी सहा ते आठ तास दिवा पुरतो. १० वॅटचा पांढरा एलईडी सात तास लावला तर महिन्याला जेमतेम दोन युनिट वीज लागते. उजेड जास्त आणि रोपे कमी असली की त्या उजेडावर शेवाळ पोसते. पाणी हिरवे झाले तर औषध विकत आणू नये. आधी पेटी उन्हातून हलवावी, दिव्याचे तास कमी करावेत, खाद्य निम्मे करावे आणि हायड्रिलासारखी जलद वाढणारी रोपे वाढवावीत. काचेवरचे शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडले तरी निघते.

कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर विकणारे भेटतील. वर सांगितलेल्या रोपांना त्याची गरज नाही. मासे आणि तळातले जिवाणू सोडतात तेवढा वायू त्यांना पुरतो.

रात्री मात्र रोपेही माशांसारखाच प्राणवायू घेतात, देत नाहीत. बिल वाचवायला रात्री एअर पंप बंद करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते त्यामुळेच. चार वॅटचा पंप दिवसरात्र चालला तरी महिन्याला सुमारे तीन युनिट होतात. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात तर पंप हवाच. २० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. पाणी तापले की माशांची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. अशा दिवसांत पेटीचे झाकण काढून पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा. मासे उडी मारणार नाहीत यासाठी वर जाळी ठेवावी.

पाणी किती बदलावे?

माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट बरेच निरुपद्रवी असते आणि रोपांना तेच खत होते. नव्या पेटीत हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे कमी ठेवावेत. दर रविवारी साबणाने पेटी धुणे म्हणजे कामावर लागलेल्या या जिवाणूंना दर आठवड्याला घरी पाठवणे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले की पुरे. स्पंज नळाखाली नव्हे, पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना घातक असते. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की ते बरेचसे उडून जाते. जिथे पाण्यात क्लोरामाइन वापरतात, तिथे नुसते ठेवून भागत नाही. दुकानातले क्लोरीन मारणारे औषध थेंबांच्या मापाने घालावे लागते.

काढलेले पाणी मोरीत ओतू नका. पाण्याची किंमत आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला आहे. ते दहा लिटर पाणी कढीपत्त्याच्या किंवा मोगऱ्याच्या कुंडीला घाला. त्यात नायट्रेट असते, रोप तरारून येते.

आमची चूक

सगळे सुरळीत झाले असे वाटले आणि घोटाळा आम्हीच केला. नव्याने लावलेल्या व्हॅलिस्नेरियाची खालची पाने पिवळी पडली. आम्ही गावाकडच्या शेतीच्या जोरावर सांगितले, "नत्र कमी पडलंय. चिमूटभर युरिया टाक." मुलीने टाकला. निदान एक वेळ बरोबर असेल, पण उपाय चुकीचा होता. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन मासे मेलेले आणि तिसरा वर येऊन धापा टाकत होता. निम्मे पाणी लगेच बदलले म्हणून तो वाचला.

आजी पुन्हा आल्या. म्हणाल्या, "पुन्हा संकट टळलं बघ!" मुलगी पटकन म्हणाली, "आजी, या वेळी संकट काकांनीच टाकलं होतं." घर हसले. आम्हालाही हसावे लागले, पण ती रात्र आम्हाला झोप आली नाही. पंचशीलातले पहिले शील आम्ही रोज म्हणतो. अंधश्रद्धेने जसा जीव जातो, तसाच अर्धवट ज्ञानानेही जातो. माशाला त्यात फरक नाही.

तेव्हापासून आम्ही पान वाचायला शिकलो. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडली तर बहुधा नत्राची कमतरता असते. जुन्या पानांना टाचणीसारखी भोके पडून कडा जळल्या तर पालाशची. नवी पाने फिकट, पांढुरकी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची. याचे कारण सोपे आहे. नत्र आणि पालाश रोप जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकते, लोह तसे देता येत नाही. म्हणजे घरात धान्य कमी पडले की आई-बाप आपल्या ताटातले लेकराला देतात, तसेच रोप करते. म्हणून आधी म्हातारी पाने झिजतात. खत द्यायचेच असेल तर फिशटँकसाठी मिळणारे द्रवखत, बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या निम्म्याने सुरू करावे आणि दोन आठवडे थांबून नवे पान पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

रोपे फार वाढली तर कापलेल्या फांद्या नाल्यात, नदीत किंवा तळ्यात टाकू नका, मासेही सोडू नका. आज पवई तलाव आणि उल्हास नदी झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. सुंदर फुलांसाठी माणसानेच ती देशोदेशी नेली. जास्तीची फांदी दुसऱ्या मुलाला द्या किंवा वाळवून कुंडीत घाला.

बुद्धाने प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. काहीही कारणाशिवाय घडत नाही, आणि कारण दूर केले की परिणामही थांबतो. विहारात हे ऐकताना आम्हाला ते फार गहन वाटे. ४५ लिटर पाण्यात ते रोज डोळ्यांसमोर घडताना दिसते. रोपाच्या पानावर कारण आधी उमटते, मासा मग मरतो. पान वाचता आले तर मासा वाचतो. आपल्या मुलांना दहा हजार रुपयांच्या शिकवणीतही न मिळणारे हे शिक्षण आहे, आणि त्यासाठी दोन फुटी पेटीचीही गरज नाही. रुंद तोंडाची बरणी, थोडी वाळू, हायड्रिलाची एक फांदी आणि एक वही पुरते. एवढ्याशा बरणीत मासा मात्र सोडू नये.

आता त्या घरी पेटी खिडकीपासून दूर, पश्चिमेच्या भिंतीला आहे. वाचलेला गोल्डफिश मोठा हौद असलेल्या एका ओळखीच्या घरी दिला. पेटीत सात गप्पी आहेत, तेच मासे जे आरोग्य खाते डासांच्या अळ्या खायला पाण्याच्या टाक्यांत सोडते. मुलीने कापलेल्या फांद्या विहारातल्या नऊ मुलांना वाटल्या.

गेल्या महिन्यात एक गप्पी मेली. आजी आल्या, पेटीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या. संकटाचे काही बोलल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. तुझ्या वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखव."

ज्यांच्या घरी फिशटँक आहे, त्यांनी या रविवारी त्याच्याजवळ एक वही ठेवावी आणि पहिली नोंद आपल्या मुलीच्या हातून करावी.

जय भीम!